अबोलीची कमाल

४ मे, सोमवार
कूलर भरला, कुंड्यांना पाणी घातलं. दूधवाल्याला अर्धा लिटर पुरे म्हणून पुन्हा सांगितलं, तरी तो एक लिटरच ओततो. सु. लेकीच्या, मृणालच्या, बाळंतपणाला पुण्याला गेली ती अजून तिथेच आहे. बाळंतपण कधीच आटोपलं. नात आता कुशीवर वळते म्हणे.

मेश्राम सरांचा फोन. शाळेत विज्ञान शिकवतात, आमच्या आकाशवेड्या मंडळींचे पुढारी. २६ तारखेला शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. शाळेच्या सभागृहात प्रदर्शन ठेवायचं, दारातच सूर्याचं मोठं चित्र हवं. "तुमच्यासारखे थर चढवणं कोणालेच जमत नाही, सर." हो म्हटलं. नाही म्हणायला दुसरं काही काम तर हवं.

लाल आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही हे सरांना माहीत नाही. सु. सोडून कोणालाच नाही. सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात गेली, तिथे काळ्या-पांढऱ्यावर भागलं.

५ मे
उपग्रहाने काढलेली सूर्याची तीन चित्रं संगणकावर उतरवून एकावर एक बसवली. खाली सूर्याचा साधा चेहरा, डागांसकट. त्यावर तापलेल्या वायूच्या कमानींचा थर. सगळ्यात वर जो, त्यात एक लांब काळसर धागा आहे, सूर्यावर तरंगणारा थंड वायू. तो धागा दिसला पाहिजे, बाकी गेलं उडत.

प्रत्येक थराची आपली किमान आणि आपली कमाल. किमानच्या खालचं सगळं काळं, कमालच्या वरचं सगळं भगभगीत. जे काही दिसायचं ते मधल्या जागेत. हे मला येतं, छातीच्या फिल्मवर आयुष्यभर तेच केलं. अडतं ते रंगात. रंगांची नावं सु. नेच ठेवलेली, तिच्या साड्यांवरून. कमानी पोपटी, धाग्याचा थर अबोली. मला दोन्ही मळकट पिवळे.

मागच्या वेळी ती शेजारी मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणायची, पोपटी कमी करा. बघत कधी होती कोण जाणे.

७ मे
दुपारी व्हिडीओ कॉल. फोन स्क्रीनसमोर धरून बसलो, हात भरून आला.
"पोपटीच पोपटी झालं सगळं. धागा कुठी आहे?"
कमानींची कमाल वाढवली, थर मंद झाला.
"हां. थोडं अजून. जेवले का तुम्ही?"
मागे नात रडायला लागली. जाता जाता म्हणाली, "माळ्यावरचे डबे तसेच राहू द्या. आली की मी उतरवीन."

तिचं हे 'आली की' मी मनात जमवत असतो. आली की कुरडया करू, आली की पडदे धुऊ. ज्या घरात इतकी कामं पडली आहेत तिथे माणूस येतंच.

१० मे
गाढवपणा. अबोलीचा समजून पोपटीचा खटका ओढला. दिसायला सारखेच, चूक कळलीसुद्धा नाही. संध्याकाळी सु. ला दाखवलं तर हसत सुटली. "सूर्याले कावीळ झाली का?" मीही हसलो. फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

शेजारच्या कुंदाताई पन्हं घेऊन आल्या. "काहून भाऊजी, वहिनी येऊन नाही राहिल्या का?"
म्हटलं, येईल.
"येईल येईल म्हणता म्हणता पोळा येईन."
पन्हं छान होतं. वेलची जास्त.

१३ मे
मेश्राम सर प्रताप नगरात कोणाकडे आले होते, घरी डोकावले. चित्र पाहायला बसले आणि मी चहा टाकेपर्यंत त्यांनी 'सर्व थरांना एकच माप' या चौकोनावर टिचकी मारली. धाग्याचा थर साफ काळा. तो मुळातच मंद. कमानींचं माप लावलं तर त्याचं काय उरणार?
"थोडं सोपं करून देत होतो, सर."
"सोपं करायचं तर सूर्याचा पिवळा गोळा काढा आणि लावा दारावर."
ते हिरमुसले. दारात चपला घालताना म्हणाले, "एकटे राहून राहून तुम्ही चिडके झाले, सर."
चहा दोन कपांचा केलेला. दोन्ही मीच प्यालो. बोलले ते खरं आहे.

१६ मे
जमलं. सु. म्हणाली, "आता बरोबर. धागा कसा छान दिसून राहिला. झालं न तुमचं चित्र?"
झालं.
आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता उद्या दुपारी फोन काय म्हणून करायचा? नातीबद्दल तीन वाक्यं होतात, उन्हाबद्दल दोन.
अबोलीची कमाल हळूच खाली ओढून ठेवली.

१८ मे
पकडलं.
"परवा तं चांगलं होतं. आज एवढं भडक कसं झालं? मुद्दाम बिघडवलं न?"
"बोलायला काही तरी लागतं वं."
मग म्हणाली, "तं तसं बोला न. सूर्याच्या आडून काहून बोलता?"
मोठी संधी होती. घर खायला उठतं म्हणायचं होतं. ये म्हणायचं होतं. विचारलं काय, तर आज भाजी कोणती केली.
"दोडके."
ठेवता ठेवता म्हणाली, "कुंदाताईचा स्टीलचा डबा आपल्याकडे आहे. मी आली तर देऊन टाकीन."

तर.
लग्नाला इतकी वर्षं झाली, सु. 'तर' म्हणणारी बाई नव्हे.

१९ मे
मृ. चा फोन. ऑफिसमधून, म्हणजे आईच्या माघारी. "बाबा, आईला इथे करमतंय. सकाळी बायकांबरोबर फिरायला जाते, खालच्या मजल्यावर पेटी शिकायला बसते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. तुम्हीच या ना इकडे कायमचे."

पेटी! नागपुरात कधी नाव काढलं नाही. का मी विचारलं नाही?

पुण्याला राहून पाहिलंय. हॉलमधला सोफा रात्री माझा, सकाळी सगळ्यांचा. जावई भला, मला पाहून टीव्हीचा आवाज कमी करतो. तिथे मी पाहुणा आहे. इथे निदान घरमालक आहे, दोन कुंड्यांचा का होईना. पण आज दुपारी खरं सांगायचं तर फार एकटं वाटलं. उगाच तिचं कपाट उघडलं. अबोली साडी तिथेच आहे. तीच की पोपटी, नक्की सांगू शकत नाही.

२२ मे
फोन नाही. माझा नाही, तिचाही नाही. अबोलीवरून अबोला, छान.
डबा कुंदाताईंना देणार होतो. दारापर्यंत नेला, परत आणला. सु. देईल.

२४ मे
फाइल छापायला दिली. अबोली भडक होती तशीच राहिली. नीट कशी करू? आकडे लिहून ठेवले नव्हते, आणि डोळे असे.

२६ मे, मंगळवार
शाळा. ऊन असं की डांबर चिकटत होतं. सगळे रुमाल बांधून मैदानात, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदे. काठीची सावली आखडत आखडत गेली. सर ओरडले, "सावली गायब!" टाळ्या. मी खाली पाहिलं, माझीही बुटाखाली. एवढ्या माणसांत एकदम कसंसंच झालं.

चित्र दारातच. एका बाईंनी विचारलं, धाग्याभोवतीचा हा कोणता रंग? ठामपणे सांगितलं, अबोली. त्या मान डोलावून गेल्या. सर सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवत होते. त्या दिवशीचं विसरले, मोठा माणूस.

घरी येऊन सु. ला फोटो पाठवला. लगेच तिचाच फोन. कूलर धडधडत होता.
"चांगलं झालं हो. मोठं दिसते. फक्त अबोली जरा जास्तच. मी आली..."
पुढचा शब्द कूलरने खाल्ला. मग "पाहीन" ऐकू आलं. आली की पाहीन, का आली तर पाहीन? धावत जाऊन कूलर बंद केला. तोवर ती नातीशी बोलत होती.
पुन्हा विचारता आलं असतं. धीर झाला नाही.
त्याऐवजी म्हटलं, "सुमन, पेटी शिकतेस म्हणे. ऐकव एखाद वेळी."
ती हळूच, "कोणं सांगितलं तुमाले?"
आवाज रागाचा नव्हता.

२७ मे
मेश्राम सरांचा निरोप. चित्र आणखी एका शाळेला हवंय, सक्करदऱ्याच्या. जुलैत पुन्हा शून्य सावली आहे, तोवर द्या म्हणाले.
बाकी दोन थर नीट करून ठेवले. अबोलीची कमाल तेवढी हलवलेली नाही. फोनवर दाखवायची नाही. ती इथे, या खुर्चीत बसून सांगेल तेव्हाच हलवीन.
आज दूधवाल्याला काही बोललो नाही. एक लिटर घेतलं.