विलासचा घोटा

भांडुप, शुक्रवार, १४ डिसेंबर १९८४

उद्या कंपनीच्या टीमची फायनल, आणि विलासचा घोटा टम्म सुजलाय. संध्याकाळी टीमच्या पोरांना मालिश करताना त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला, तर कणकेत पडावा तसा खड्डा पडला. भरेचना.

"काका, कोचला सांगू नका ना. उद्या खेळलो तरच नोकरी परमनंट होईल."

"अरे, लागोपाठ किती मॅचा खेळशील? बैलालासुद्धा विसावा देतात!"

हसला मेला, पण डोळे भरलेले. कोचने विचारलं, "विलास फिट आहे ना?" मी नुसती पट्टी गुंडाळत बसलो. तो खड्डा अजून अंगठ्याला जाणवतोय.

सकाळी कोचला सांगणारच. विलास शिव्या घालील. घालू दे. दोन्ही पायांवर उभा राहून घालील.