बाभळीचा दांडा

३ फेब्रुवारी, जळगाव
सोफा कुऱ्हाडीने फोडला. अंगणात ओढून आणला, पहिला घाव पाठीवर, मग बैठकीवर अकरा. दोनच वर्षांत मधोमध खचलेला. कापडाखाली भुशाच्या फळ्या, खिळे, पुठ्ठा! दुकानदाराला त्यातच कोंबून पेटवावे. सुनंदा दारातून, "अहो, शेजारी पाहताहेत." पाहू देत. अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थांचे बल तीस वर्षे शिकवणाऱ्याच्या घरात पुठ्ठा!

९ फेब्रु., धुळे
नाना मिस्त्री. सुनंदाच्या भावाने सुचवलेले सुतार, साठी उलटलेले. अटी लेखी दिल्या: सांगाडा संपूर्ण सागवानी, सांधे लाकडात लाकूड बसवलेले, खिळा एकही नाही. त्यांनी कागद न वाचताच खिशात घातला.
"बठ्ठं सागच, सर?"
"संपूर्ण."
"बरं." आणि हसले. या हसण्याची मला चीड आहे.

२१ फेब्रु.
क्रमाने लिहितो. सुनंदासह धुळ्यास गेलो. सांगाडा तयार होता, उपडा करवला. बैठकीचा पुढचा दांडा काळपट. बाभूळ. बैलगाडीचे लाकूड माझ्या दिवाणखान्यात! नाना म्हणत होते, "सर, आयका तं..." ऐकले नाही. शेजारचा हातोडा उचलून दांड्यावर हाणला. एक. दोन. तिसऱ्याला नानांनी हात आडवा घातला.
आवाज लाकडाचा नव्हता.
दांड्याला चीरही नाही. नानांच्या उजव्या हाताची दोन बोटे...
परतताना पारोळ्याजवळ सुनंदा म्हणाली, "आजवर वस्तूच फोडत होतात, म्हणून मी गप्प राहिले. चुकले माझे."

२२ फेब्रु.
लाकडांच्या बलाचे कोष्टक काढले. वर्गात मीच फळ्यावर लिहीत असे. वाकणे, धक्का सोसणे, दोन्हींत बाभूळ सागाच्या वर. बसणाऱ्याचा सर्वाधिक भार पुढच्या दांड्यावर येतो. म्हणजे माझा कागद न वाचणारा तो... पुस्तक भिंतीवर फेकले. बांधणी उसवली.

२५ फेब्रु.
नानांच्या सुनेला फोन. दवाखान्यात विचारले तेव्हा नानांनी सांगितले, हातावर फळी पडली. पोलिसांत माझे नाव नाही. सुटल्यासारखे वाटले, त्या वाटण्याची किळस आली.

१९ मार्च, धुळे
माफीची वाक्ये घोकून गेलो होतो. पहिल्याच वाक्याला नानांनी डावा हात वर केला. "भासन नको, सर."
"मला का वाचवलेत?"
"तुमले? पोलिस येतीन, गावभर होई, मिस्तरीना हात गया. मंग काम कोन देई?"
मी स्वतःच चौकीत जातो म्हणालो.
"सोमवारलोंग थांबा. त्या दिन पट्टी सुटी. बोटं वळनात तं सोफा मीच पुरा करसू. नई वळनात तं मीच सांगसू पोलिसले. बठ्ठं."
सून आतून म्हणाली, "चहा ठेवू का?" नाना म्हणाले, "नको."

२३ मार्च, सोमवार
सकाळीच धुळ्याला निघतो आहे. कबुलीजबाब लिहून सही केली. शुद्धलेखन तीनदा तपासले. त्याची शरम वाटली. सुनंदाने वाचून विचारले, "बोटे वळली, तर हा कागद फाडाल?"
मी कागद खिशात घातला. ती चपला घालून गाडीत जाऊन बसली आहे.