वायसर कशाचा?

डोंबिवली,
१८ नोव्हेंबर १९५४

ती. अण्णांच्या चरणी धाकट्या विश्रामचा साष्टांग नमस्कार.

तुमची सांधेदुखी, वहिनींचा खोकला आणि टेंभी नाक्यावरच्या तुमच्या नळाचा लहरीपणा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आई, सौ. मंदाकिनी आणि मी ठीक आहोत. माझी उजवी भुवई शाबूत आहे. (डावीची हकिकत पुढे येईलच.)

दिवाळीचे पंधरा दिवस तुमच्याकडे काढून आई परत आली, त्याच सुमारास आमच्या स्टोने मान टाकली. दादांच्या वेळचा तो पितळी स्टो तुम्हाला ठाऊकच आहे. पंप मारावा तर दांडा नुसता आतबाहेर होई, हवा म्हणून धरेना. आता मी कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात आवक-जावकच्या टेबलावर बसतो हे खरे, पण रोज कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या माणसाला यंत्रातले थोडेफार कळत असणारच, असा माझा समज झाला. (समजच तो.) मी पाना विकत आणला. पहिल्या दिवशी बर्नरच्या भोकात पिन मोडली. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि परत बसवला, तर होती नव्हती ती हवाही बंद. तिसऱ्या दिवशी कशीबशी थोडी भरली, मी काडी ओढली आणि जो भडका उडाला त्यात डावी भुवई गेली. आमच्या कचेरीतल्या सहदेव शिपायाने अदबीने चौकशी केली की साहेब, घरात काही बरेवाईट झाले का. मिशी काढतात हे त्याला माहीत होते, भुवईचे नव्हते.

शेवटी कल्याणच्या बाजारात स्टो दुरुस्त करणाऱ्या काळुरामकडे गेलो. त्याने पंपाचा दांडा उपसला आणि त्याच्या टोकाची काळी वाटी बोटावर घेऊन म्हणाला, "सायेब, वायसर सुकलाय, आन् वर तुम्ही तो उलटा बसवलाय. चामड्याचा हाय हा. याला तेल पाजत ऱ्हावं लागतंय." त्याने दोन थेंब तेल चोळले, वाटी सुलटी केली, आणि पाच मिनिटांत स्टो असा फरफरू लागला की मला गहिवरून आले. अण्णा, माणसाने शिकत राहावे हे खरे, पण शिकलेले सगळे घरी सांगू नये, हे मला काळुरामने सांगितले नाही.

७ तारखेच्या रविवारी तुळशीचे लग्न होते. आई सोवळे नेसून स्टोवर नैवेद्याचा भात करीत होती. मी शेजारी बसून स्टोची शरीररचना समजावून देत होतो. बोलण्याच्या भरात मी चालता स्टो विझवला, दांडा उपसला आणि वायसर आईच्या नाकासमोर धरून म्हणालो, "बघ आई, ही सगळी करामत या चामड्याच्या तुकड्याची!"

अर्धाकच्चा भात बाजूला ठेवून आई पुन्हा आंघोळीला गेली, आणि त्या दिवसापासून आज अकरा दिवस तिने स्टोवरचे अन्न तोंडात घातलेले नाही. कोळशाची शेगडी पेटवावी, तर आमचे घर लाकडी माडीचे आणि मालकाची सक्त मनाई. मंदाकिनी आमच्यापुरते जेवण शेजारच्या सगुणाबाईंच्या स्टोवर उरकून आणते. आईला तेही चालत नाही, कारण त्या स्टोच्या पोटातही तेच चामडे. मी म्हटले, आई, देवळात मृदंग वाजतो तो कशाचा असतो? आई म्हणाली, "मृदंगात भात शिजवत नाहीत."

मग मी बिनचामड्याच्या वायसरामागे लागलो. सायकलच्या ट्यूबमधून एक कापला, तो रॉकेल पिऊन फुगला आणि दांडा नळीत असा रुतला की काढताना मी तीन हात मागे जाऊन पडलो. दुसरा माझ्या काळ्या टोपीचा कापला. टोपीला आता रुपयाएवढी खिडकी झाली आहे आणि स्टोला हवा नाही. रोज संध्याकाळी सहाला घरी येतो, पाना घेऊन बसतो आणि समोर आई दोन केळी खाऊन जपाला बसलेली असते. आश्चर्य म्हणजे तिच्या प्रकृतीत तसूभर फरक नाही, उलट चेहऱ्यावर तेज आले आहे. (उपासाचे पुण्य, दुसरे काय!) पण अण्णा, मला मात्र घास गिळवत नाही. मी थकलो आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
विश्राम

ता. क. : खरे सांगायचे ते वर राहूनच गेले. तुमच्याकडे परसात चूल आहे. तुम्ही रविवारी येऊन आईला काही महिने ठाण्यास न्यावे. तिच्यावाचून मला घर खायला उठते, हे दिवाळीत कळले आहे. पण तिची उपासमार डोळ्यांनी बघवत नाही.

ता. क. दुसरा : पत्र टपालात टाकण्यासाठी मंदाकिनीजवळ देत आहे. आईला यातले काही कळू देऊ नये.

(खाली पेन्सिलीने)

चि. अण्णास अनेक आशीर्वाद. मंदाकिनीने पत्र वाचून दाखवले, हेही तिच्याच हातून लिहवते आहे. मी उपाशी नाही. विश्राम कचेरीत गेला की मंदाकिनी जुना वायसर घालते, आम्ही दोघी ऊन ऊन वरणभात जेवतो, आणि सहाच्या आत ती त्याचा टोपीचा तुकडा परत बसवून ठेवते. भुवई गेली, उद्या डोळा जाईल, या भीतीने मी सोवळ्याचे निमित्त केले. वाटले, आता तरी स्टोला हात लावायचा नाही. तर त्याने टोपी कापली. रविवारी जरूर ये, पण मला न्यायला नको. त्याचा तो पाना घेऊन जा.

वायसर कशाचा असतो ते मला तो सांगतो! तुझे दादा होते तेव्हापासून दर शनिवारी मीच त्याला खोबरेल लावत आले आहे. दिवाळीत पंधरा दिवस मी घरात नव्हते, म्हणून तो सुकला.