मनीषाच्या लेखनिकासाठी

११ ऑक्टोबर २०११, मंगळवार

शनिवारी लिहिलं होतं की मनीषाच्या वडिलांनी मला घालवून दिलं. ते खरं नाही. दुरुस्त करते. हेमराजभाऊंनी चहा दिला, पोहे दिले, धानाची कापणी सोडून फाट्यापर्यंत सोबत आले, हात दाखवून बस थांबवली आणि मी पायरीवर चढल्यावर म्हणाले, "बाई, कागद नाही काढायचा. आता यासाठी नका येऊ जी."

घालवून दिलं असतं तर रागावता आलं असतं. म्हणून तसं लिहिलं गेलं असावं.

प्रकरण साधं आहे. मनीषा दहावीत. चष्मा लावूनही फळा दिसत नाही. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ हवा, त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. ती अठराची नाही, म्हणून अर्जावर वडिलांची सही. आणि तिच्या मोठ्या बहिणीचं, सुनीताचं, लग्न बालाघाटकडे जुळत आलंय. हेमराजभाऊंचं म्हणणं: "घरात सारेच जाणतात तिचे डोळे. पण कागद निघाला का गावभर होते. पाहुणे म्हणतीन, यायच्या घरात दोष आहे."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेत गेले. मुख्याध्यापक भले आहेत, दमलेले आहेत. नोव्हेंबर संपायच्या आत प्रस्ताव बोर्डाकडे जायला हवा म्हणाले. मी कायद्याचं कलम काढलं. "मॅडम, कायदा बोर्डाला सांगा. मला प्रमाणपत्र द्या, मी त्याच दिवशी पाठवतो."

मधल्या सुट्टीत मनीषाला भेटले. पुस्तक नाकाला टेकलेलं. "पोरी म्हणतात मी वाचत नाही, वास घेतो." स्वतःच हसली. इतिहासाचं उत्तर तोंडी विचारलं, धडाधडा सांगितलं. तेच लिहायला सांगितलं तर दुसरी ओळ पहिलीवर चढली, तिसरीला डोळ्यांतून पाणी. चाचणीत पेपर अर्धाही होत नाही. "ताई, मले येते सारं. पण त्यायले कसं समजन?"

परतीची बस चुकली. धाब्यासमोर ट्रकांचा धूर खात उभी राहिले. असं किती दिवस, हा विचार आला. पुढे नेला नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

गोंदियात सरांशी, माझ्या वरिष्ठ वकिलांशी, बोलले. ही मोफत प्रकरणं मी त्यांच्याच हाताखाली बघते. ते म्हणाले, वडिलांना नोटीस काढू. मी नको म्हटलं. नोटीस गेली तर तिची शाळाच सुटेल. "फिर हाथ पर हाथ धरे बैठो," सर म्हणाले. त्यांचंही चूक नाही.

शाळेच्या नोंदीने ती पुढच्या १ जूनला अठराची होते. तेव्हा स्वतः सही करू शकेल. परीक्षा मार्चमध्ये.

३० ऑक्टोबर, रविवार

मनीषाच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. विषय काढायचा नाही असं ठरवून गेले, आणि काढला नाही. पाळणे, जिलेबी, तिकडे दंडारीच्या खेळाची, गावातल्या लोकनाट्याची, ढोलकी. मनीषाची आई पाहुण्यांसाठी भजी तळत होती. स्वतःच बोलायला लागली, "अशाच मंडईत झाली मनीषा. माह्या माहेरी दंडार रंगली होती आन् मी आत ओरडून राहिली होती. ढोलकीपायी कोणाले ऐकूच नाही गेलं!"

मी म्हटलं, शाळेत तर १ जून आहे.

"त्या गुरुजीनं साऱ्या वर्गालेच १ जून देली. डोळ्यापायी हिले उशिरा घातलं होतं. अंगानं बारीक, डोक्यावरून हात घेतला तं कानाले पुरला नाही. तं गुरुजी म्हणे, लहान आहे, आन् वय कमी लावलं."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. माझी शाळेतली तारीख १ जुलै, जन्म पौषातला. आमच्याकडे वाढलेलं कुणीही शाळेच्या तारखेवर विसंबत नाही. मी वकील होऊन तीच धरून बसले होते.

५ नोव्हेंबर, शनिवार

आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीतून जन्मदाखला आणला. १८ नोव्हेंबर १९९३. म्हणजे येत्या १८ला अठरा पूर्ण. सही तिची चालेल. शाळेची तारीख नंतर दुरुस्त करता येईल.

आनंद व्हायला हवा होता. बापाच्या पाठीमागे मुलीला रुग्णालयात नेणारी बाई, हेच नाव पडेल. सुनीताचं मोडलं तर? ही मदत की घर फोडणं?

८ नोव्हेंबर, मंगळवार

पाठीमागे करायचं नाही. खळ्यावर जाऊन हेमराजभाऊंना दाखल्याचं सांगितलं. ते पेंड्या रचत होते, थांबले नाहीत.

"कायद्यानं मोठी झाली, ठीक. एक सांगा. नवेगावले तुमच्या घरी आत्याबाई आहेत ना, आंधळ्या? आपल्या समाजात मालूम आहे साऱ्यायले. त्यायचा कागद काढला तुमी?"

नाही म्हटलं.

"काऊन?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"तुमचं लगन व्हायचं आहे म्हणून. मंग माह्याच पोरीले कायले पुढं करून राहिल्या?"

आवाज चढवला नाही. जाताना पाणी विचारलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

नवेगावला घरी. बाबांना विचारलं, आत्याचं प्रमाणपत्र का नाही काढलं. "तसा विषयच कधी निघाला नाही." मग थोड्या वेळाने, "तुझं एकदा होऊन जाऊ दे." हेमराजभाऊ शब्दन् शब्द बरोबर.

आत्या दारात बसून शेंगा सोलत होती. पहिली दोन वर्षं मी शाळेत गेलेच नाही, तिच्याजवळ शिकले. पाढे, मोजदाद, आणि संध्याकाळी दिवसभराचं सांगणं. मी रंगवायला लागले की टोकायची: झालं ते सांग, वाटलं ते नको.

आज म्हणाली, "मले सोडून सारेच माह्या डोळ्यावर बोलून राहिले." आणि मग, "त्या पोरीले विचारलं का तुनं?"

वडिलांना विचारलं. मुख्याध्यापकांना, सरांना. तिला नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं.

मनीषा म्हणाली, "सुनीताताईचं मोडलं तं घरात मीच दिसन साऱ्यायले. आता कोणाले दिसत नाही, तेच बरं आहे." पुढे, "आन् नापास झाली तं मंग माहंच लगन लावतीन."

मग म्हणाली, "तिथं चाळीस टक्के नाही भरले तं?"

अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली भरू शकतं, हे सांगितलं. प्रमाणपत्रही नाही, लेखनिकही नाही, आणि गावाला मात्र कळलेलं. दुसरं काही सांगणं बरं दिसलं असतं.

"इचार करून सांगतो, ताई."

१९ नोव्हेंबर, शनिवार

काल ती अठराची झाली. तिचा फोन आला नाही. रुग्णालयात तपासणारा डॉक्टरांचा बोर्ड बुधवारी बसतो. ३०चा बुधवार प्रस्तावाला फार उशिराचा, तेव्हा येता बुधवारच धरून चालावं लागेल.

नवेगावला जेवताना आत्या म्हणाली, "बुधवारी माहा कागद काढून दे."

बाबा म्हणाले, "आता या वयात कायले?"

"तुह्या पोरीच्या लगनात मी मांडवात बसणार आहो ना? का तवाही आतच ठेवतं?"

बाबांनी भाताकडे पाहिलं. आई वरण वाढायला उठली. मला बरं वाटलं असं लिहिणार होते. आधी भीती वाटली, माझ्यासाठी. मग बरं वाटलं. या क्रमाने.

२० नोव्हेंबर, रविवार

हेमराजभाऊंना शेजारच्या फोनवर बोलावून घेतलं. सांगितलं, बुधवारी मी आत्याला घेऊन गोंदियाला जाते, रुग्णालयात. मनीषा आली तर तिचाही अर्ज तिथेच भरू. नाही आली तर तिच्यामागे लागणार नाही.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

मग म्हणाले, "नवेगावची पहिली गाडी आमच्या फाट्यावर कवा येते?"

सांगितलं.

"बरं." ठेवला.

तिला फाट्यावर आणण्यासाठी विचारलं की त्या वेळेला घराबाहेर न सोडण्यासाठी, आवाजावरून कळलं नाही. आत्याला जसंच्या तसं सांगितलं, तिलाही कळलं नाही. ती उद्या लुगडं धुवून ठेवणार आहे. मी कोरा अर्ज एक जास्तीचा घेतलाय.

बुधवारी, २३ नोव्हेंबरला, पहिल्या गाडीने निघायचं.