उंबऱ्यात बसलेली आई

मुलुंड

आई, तुला तुझ्या चेतनाचा जय भीम.

मी मजेत आहे, डबाही वेळेवर खाते.

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात तुझं चित्र काढलं. तू उंबऱ्यात बसलेली, मांडीवर बाबांचा सदरा. ओठांवर हसू काढलं, तरी सगळे म्हणाले, "बाई उदास आहे."

मी सरांना विचारलं, "हसू चुकलं का?"

"हसू बरोबर आहे. डोळे कुणाची तरी वाट बघताहेत."

मला रडूच आलं गं. मग तुझ्याशेजारी माझ्या चपला रंगवल्या, काढून ठेवलेल्या. खोलीतली शीतल म्हणाली, "आता लेक घरात आहे वाटतं."

बाबा गेल्यापासून तू रात्री जेवतेस ना? खरं सांग.

रजा मिळालीय. शनिवारी येते. एकाच ताटात जेवू.

तुझीच,
चेतना