उजव्या पेटीची गोलाई

३ मार्च, सोमवार
रविवारी लेक न्यायला येतेय. कायमची. घराला गिऱ्हाईकही बघितलंय म्हणे. "बाबांची अर्धवट कामं कवटाळून किती दिवस बसणारेस?" — फोनवर. अर्धवट! स्पीकरची डावी पेटी ह्यांनी पुरी केली, उजवीच्या फळ्या मापात कापून ठेवल्या आणि गेले. ती मी करणार. गोलाईचं प्लाय एकच. मोडलं की संपलं.

४ मार्च
वाचनालयातलं सुतारकामाचं पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं. प्लायच्या आतल्या अंगाला बोटाबोटावर खाचा पाडायच्या, आरपार नाही — नखाएवढी जाडी राखायची. मग ते वाकतं. दिवसभरात तेवीस खाचा. चोविसावीला करवत घसरली. थोडक्यात वाचलं.

५ मार्च
सांगाडा जोडला. ह्यांच्या वहीत लिहिलंय, 'उजवी — गोलाई उजव्या हाताला.' ते कामाच्या टेबलामागे उभे राहत तिथेच उभी राहिले, पेटीचं तोंड पलीकडे, आणि उजवा हात बघून ठोकला.

६ मार्च
धाकटे भावजी आले. त्यांचं सुताराचं दुकान. खाचा पाहून म्हणाले, दादाची करवत एवढी सरळ कधी चालली नाही. गरम पाण्याचं फडकं फिरवत दोघं प्लाय वाकवायला लागलो. मध्येच कट् असा आवाज झाला. मी हातच सोडला. भावजी हळू म्हणाले, "वहिनी, ओढू नका. त्याला त्याच्या वेळेनं येऊ द्या." तास लागला. खाचांत गोंद भरला, तो सुकेपर्यंत धरून ठेवायला शिकंजे आवळले.

७ मार्च
शिकंज्यांना हात लावला नाही. चार वेळा जाऊन बघितलं मात्र.

८ मार्च
शिकंजे काढले. गोलाई टिकली!
आणि मग घात. ह्यांची पेटी अकरा महिने बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्चीसमोर, चादरीखाली. उघडवत नव्हती. आज उघडली, शेजारी माझी ठेवली — दोन्हींची गोलाई एकाच बाजूला! टेबलामागून जी उजवी, ती पुढून डावी. एवढं कळू नये मला? आणि लेक उद्या दारात.
भावजींना बोलावलं. आधी हसले. मग म्हणाले, "पुढच्या फळीला स्पीकरचं भोक कुठे पाडलंय अजून? डोक्यावर उभी करा."
केली. उजवी झाली.
ते गेल्यावर ह्यांच्या पेटीच्या भोकातून बॅटरी मारली. आत पेन्सिलीने लिहिलंय: 'डावी-उजवी तिच्या खुर्चीवरून धरायची.'

९ मार्च, रविवार
लेकीने विचारलं, तुझी खुर्ची टेंपोत चढवायची का? म्हटलं, ती इथून हलणार नाही.
"आणि तू?"
मी खुर्चीत बसले.