फळीवरची वाळवी

बीड, पौष वद्य पंचमी

कापसाच्या गाठी घेऊन हे ज्या गलबतावर चढले, ते बुडून बारा वर्षं झाली. आज दीर एक फळी घेऊन आले. “वैनी, दादाच्या गलबताची हाय, बंदरावरून आणली. आता तरी दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. कुंकू कुठवर लावताल?”

फळीच्या खाचेत वाळवीची माती होती. मुंबईला कॉन्व्हेंटात असताना किनाऱ्यावर वाहून आलेली किती लाकडं पाहिली! समुद्रात वाळवी कुठली?

“कोणतं बंदर, भाऊजी?”

“बंदराला नाव असतंय व्हय?”

भाऊजींना यांची जमीन हवी असेल? की माझी खरीच दया आली असेल? खाच नखाने खरवडली. वाळवीच.

उद्या पुतळ्याच्या विधीला भटजी आले, तर दारातूनच परत पाठवीन. फळी मात्र चुलीत घालायला गेले, तर हात धजला नाही; न जाणो, यांच्याच गलबताची असली तर?